एमाची भाकरी

हसू नका, पण मला एमाचा लई हेवा वाटायचा. आमच्या मुरुमच्या शाळेत पगार न घेता इंग्रजी शिकवायला ती परदेशातून आली होती आणि आमच्याच घरी राहायची. एकदा तिनं हौसेनं भाकरी थापली. कडा फाटलेल्या, मधे कच्ची. तरी माझ्या सासूबाई म्हणाल्या, "वा गं माझी बाय! काय झ्याक जमली!"

मी लग्न होऊन आल्यापासून भाकरी थापतेय, पण त्यांच्या तोंडून एकदाही 'वा' ऐकलं नाही. न राहवून म्हटलं, "आत्या, मला कधी म्हणालात का असं?"

"ती पाहुणी हाय. घरच्या माणसाला कशाला वा म्हणायचं?"

माझा जीव गार झाला. मग महिनाभर एमाच्या प्रत्येक 'वा'ला मी मनातल्या मनात हसायची.

एका सकाळी सासूबाई कडाडल्या, "अगं, किती जाड थापलीस! ध्यान कुठं हाय तुझं?"

"आत्या, मी तर ज्वारी निवडतेय."

"तुला न्हाय. एमाला म्हणतेय."

चुलीपाशी एमा खुशीत हसत होती. तिचं पाहुणपण संपलं होतं, आणि माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं होतं.