पिसवांचा सहावा आठवडा

भावना : हे बघा, आई. तुमच्या गादीवरचे काळे कण मी ओल्या टिश्यूवर टाकले. रंग दिसतोय?

शांताबाई : लाल झाले.

भावना : म्हणजे ती धूळ नाही. पिसवांची घाण आहे, पचलेलं रक्त. मांजर तुमच्या गादीवर झोपते का, काया?

शांताबाई : मनी? नाई व बाप्पा. तिले तं तू रात्री किचनमध्ये कोंडतं. मी कायले घेऊ?

भावना : मग उशाशी हे पिवळे केस कुणाचे?

शांताबाई : हवेनं आले असन. पंखा केवढा फिरते तुमचा.

इरा : मम्मी, आज्जी ओपन्स द डोअर. एव्हरी नाइट. आय सॉ.

शांताबाई : पोट्टे! तुले म्हटलं होतं ना, सांगू नको म्हून?

इरा : सॉरी, आज्जी. पण मम्मी ऑलरेडी नोज लाह. लुक अ‍ॅट हर फेस.

भावना : आई, रागावत नाहीये मी. नाही, रागावलेय. सहा आठवडे झाले. रोज सकाळी सहाला उठून चादरी गरम पाण्यात, मग सोफा, मग पलंगाखाली व्हॅक्यूम, मग ऑफिस. परत आल्यावर तेच. समीरनं गालिचे फेकून दिले. दोनदा फवारणी झाली. कायाच्या मानेवर औषध लावतोय. आणि तुम्ही दार उघडून तिला आत घेता?

शांताबाई : मनीवर तं पिसू दिसतच नाई आता. औषध हाये ना तिच्यावर.

भावना : तिच्यावर मरतात. पण मरायच्या आधी एखादीनं अंडी घातली, की ती गळतात तुमच्या गादीत. म्हणून एकाच जागी ठेवत होते तिला, टाइल्सवर, पुसता येईल अशा ठिकाणी.

शांताबाई : मले एवढं कुठं समजते, बाई. मी तं म्हणतो, माह्या पायगुणानंच आल्या ह्या पिसवा. मी यायच्या आधी होत्या का?

भावना : होत्या. कोशात होत्या, दिसत नव्हत्या. बाबा गेले तेव्हा आम्ही नागपूरला आलो, तीन आठवडे घर बंद राहिलं. काया इथेच टॅम्पिनीसला, माझ्या मैत्रिणीकडे, अनुयाकडे. चावायला घरात कुणी नाही, तर त्या कोशातच बसून राहिल्या. आपण दार उघडून आत आलो, पावलांनी जमीन हादरली आणि सगळ्या एकदम बाहेर पडल्या. तुमचा पायगुण नाही हो. आपल्या सगळ्यांचेच पाय.

शांताबाई : तरी पण. तुह्या घरात पहिलं पाऊल ठेवलं अन् पायाले काळे ठिपके. मले वाटलं, तीळच सांडले इथं.

इरा : अँड देन द तीळ जम्प.

शांताबाई : हो ना माय. उडालेच.

भावना : हसू नका. प्लीज, आज नको.

शांताबाई : हसून नाई रायलो. भावना, खरं सांगू का? सकाळी वंदना म्हणतो तं पंचशीलातल्या पहिल्याच शीलाले जीभ अडखळते. जीव मारणार नाई म्हणतो, अन् तिथंच बोटाखाली एक चिरडलेली असते.

भावना : मी लॅबमध्ये पेशी वाढवते, आई. तिथे माझ्या हातून एक जंतू आत जात नाही. सगळे मला विचारायला येतात, कसं जमतं म्हणून. आणि घरी माझ्या मुलीच्या पाठीवर चोवीस चावे. दोन दिवस वर्गात तिच्या शेजारी कुणी बसलं नाही.

इरा : इट्स ओके, मम्मी. ओन्ली टू डेज.

भावना : ओके नाहीये, इरा. आई, मला एवढंच सांगा. दार का उघडलंत? इतक्यांदा हात जोडून सांगितलं होतं.

शांताबाई : झोप नव्हती येत.

भावना : मग मला उठवायचं.

शांताबाई : तुले काय उठवू? तू दहा वाजता बसल्या बसल्या निजतं. बेचाळीस वर्षं झाली लग्नाले. एक रात्र एकटी निजली नाई मी. थे दौऱ्यावर गेले तं सासू असे, मग समीर झाला, मग नंतर आम्ही दोघंच. इथं तुम्ही मले खोली देली, एसी देला, दार लावून घेतलं. एवढी चांगली खोली. अन् मले रातभर आपलाच श्वास ऐकू ये. पाच-सहा रात्री तशा काढल्या. मग मनी रडली किचनमध्ये. म्हटलं, हिलेही तसंच होत असन.

भावना : बोलायचं होतं ना, आई.

शांताबाई : काय बोलू? सुनेले म्हणू, माह्यापाशी निज?

इरा : आय कॅन स्लीप विथ यू, आज्जी.

शांताबाई : नको माय. तुले आणखी चावन त्या.

भावना : थांबा. तुम्ही मघापासून लुगड्यावरून पाय चोळताय. दाखवा.

शांताबाई : काई नाई. खाजवलं जराकसं.

भावना : दाखवा, आई.

शांताबाई : तू आधीच एवढी थकली...

भावना : बाप रे. इरा, लाइट लाव. हे कधीपासून सुजलंय?

शांताबाई : परवापासून. दोन फोड होते. फुटले. हळद लावली.

भावना : गरम लागतंय. आणि ही लाल रेघ, ही गुडघ्यापर्यंत गेलीय. तुम्हाला शुगर आहे! थंडी वाजली का रात्री?

शांताबाई : वाजली. मले वाटलं एसीनं.

इरा : मम्मी, इज आज्जी गोइंग टु डाय?

भावना : नाही. पप्पांना फोन लाव. म्हणावं, मीटिंग सोड आणि सरळ हॉस्पिटलला ये, आम्ही टॅक्सीनं निघालोय. मग माझी पर्स आण. आज्जीचा पासपोर्ट आणि गोळ्यांची पिशवी पण.

शांताबाई : भावना, ऐक. मले नागपूरले पाठवून दे. तुमचं घर साफ होऊन जाइन.

भावना : तिथे कोण आहे?

शांताबाई : कोणी नाई.

भावना : मग कशी पाठवू? अनुया म्हणाली, मांजर परत माझ्याकडे दे. पेस्ट कंट्रोलचे अंकल म्हणाले, मुळीच नको, मांजर गेली की सगळ्या तुमच्यावर तुटून पडतील. वाट बघा म्हणतात. कोशातल्या बाहेर येऊन मरेपर्यंत नुसती वाट बघा. मी कुणालाच कुठे पाठवू शकत नाही, आई, आणि इथे ठेवलं की हे असं होतं. चला, उठा. माझ्या खांद्यावर हात ठेवा.

(पाच दिवसांनी, दुपारी. फोनवर.)

शांताबाई : हॅलो, भावना? तू नाई आली आज.

भावना : आज तिसरी फवारणी होती, आई. चार तास बाहेरच होतो. काया पिंजऱ्यात, आम्ही दोघी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकच्या बाकावर. आता वर आलोय. समीर येईल सहाला. पाय कसा आहे?

शांताबाई : उतरला. डॉक्टर म्हणे, आणखी दोन दिवस घरी राहिली असती तं पाय कापावा लागला असता. हातानं करून दाखवलं त्यानं. तेवढं समजलं मले.

भावना : मलाही सांगितलं त्यांनी.

शांताबाई : तू रडू नको. वाचला ना पाय. उद्या सोडतो म्हणतात.

भावना : हो. त्याबद्दलच बोलायचं होतं. आज फवारणीनंतर मी पांढरे मोजे घालून घरभर फिरले, पिसवा त्यावर उडी मारतात आणि दिसतात. तुमच्या खोलीत सात मिळाल्या.

शांताबाई : सात म्हणजे कमी झाल्या.

भावना : कमी झाल्या. पण डॉक्टर म्हणाले, जखम भरेपर्यंत एकसुद्धा चावायला नको. अजून दोन आठवडे तरी लागतील. तुम्हाला घरी नाही आणता येणार.

शांताबाई : मग?

भावना : क्वीन्सटाउनला संजीवनी राहते. विहारात भेटली होती बघा, उंचशी, अकोल्याची. तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. आपणहून म्हणाली, आईंना माझ्याकडे ठेवा. ती दिवसभर ऑफिसात असते, पण ड्रेसिंगला नर्स येईल. नाहीतर समीर तुम्हाला घेऊन नागपूरला जाईल, पण आठवड्यात त्याला परत यावं लागेल. तुम्ही म्हणाल तसं.

शांताबाई : तू सांग.

भावना : मला नाही सांगता येत. दोन्ही ठिकाणी तुम्ही एकट्याच. काहीही सांगितलं तरी चुकणारच आहे ते.

शांताबाई : क्वीन्सटाउन लांब हाये का?

भावना : आपल्या घरापासून, आंग मो किओहून, एमआरटी ट्रेननं पाऊण तास. मी रोज येईन. रोज नाही जमणार कदाचित. एक दिवसाआड नक्की.

शांताबाई : तं मग तिथंच जातो. तिचं घर अकोल्याचं म्हणतं ना, बोली तं समजन. भावना, मी दार नसतं उघडलं तं...

भावना : नका, आई. मी दार लावून घेतलं, ते आधीचं आहे.

शांताबाई : बरं. इरा काय करते?

भावना : झोपलीय. खाली बाकावर बसून दमली.

शांताबाई : इथं बाजूच्या खाटेवर एक चिनी म्हातारी होती. हसायची माह्याकडे पाहून. तिले सकाळी घेऊन गेले. खाट रिकामी हाये आता.

भावना : समीर येतोच आहे. दोन तासांत.

शांताबाई : येऊ दे. तू फोन ठेवू नको. बोलायचं काई नाई, नुसता चालू राहू दे.

भावना : भांडी पडलीत, आई. फवारणीनंतर सगळीच धुवायला काढलीयेत. नुसता भांड्यांचा आवाज येईल.

शांताबाई : येऊ दे.