मामाच्या हातांवर

माजा जल्म आपट्याचा, नदीकाठचा, लगीन करून पनवेलजवल आली, मालक तलोज्याच्या कंपनीत होते, ते गेले तवापासून मी हलदीच्या जेवनाच्या भाकऱ्या भाजते, तांदलाच्या. आमच्यात मटन-भाकरी नाय तर हलद नाय, म्हनून हाताला काम हाय. त्याच्यावरच सायलीला शिकवली, एकच पोर माजी, खारघरला ऑफिसात लागली.

पोर अंगानी भरलेली, माज्यावर गेलेली. आता काय सांगू तुमाला ताई, आमच्यात मामा भाचीला उचलून मांडवात आनतो, पाय टेकू देत नाय. सायलीच्या साखरपुड्याला बाया जेवाला बसलेल्या, तिची चुलती बोलली, अगो, हिच्या मामाला क्रेन बोलवावी लागंल. सगल्या हसल्या. सायली पन हसली, पन ताटातली भाकरी तिनी तशीच ठेवली.

तवापासून जेवनच तुटलं. घरात भाकऱ्यांची थप्पी न पोर काकडी चावते. चिडायची, रडायची, आरशापुढनं हलायची नाय, केस गलाला लागले. बाय, खा गो, खा गो, मी मागं लागायची, तर बोलली, आये, मामा मला घेऊन पडला तर, सगले मोबाईल काढून उभे असतील. न लोकं काय बोलायची, वा, कशी हिरोईन झाली. सगले शाबासकी देतात, मंग माजं कोन आयकंल?

लग्नात माज्या भावानी कंबर आवलली, तिला उचलली न एकदम थांबला. बेंजो वाजतोय, पोरं शिट्ट्या मारतात, न ही त्याच्या कानात विचारते, मामा, जड नाय ना मी? त्यानी तिला पाटावर उभी केली न मांडवाचा बांबू धरून रडाला लागला. लोकांना वाटलं, मामा हाय, भाची चालली, रडनारच. मला बोलला, ताई, पाचवीत होती तवा हिला नदीवरनं खांद्यावर आनायचो, तवा पन ही येवढी हलकी नव्हती गो.

लग्नाला म्हयना झाला नसंल, सासरी मोरीत चक्कर येऊन पडली. आता माज्याकडंच हाय. जावई गरीब सभावाचे, रविवारी येतात, नुसते तिच्याजवल बसतात. डॉक्टरीनबाई तिच्याशी बोलत बसतात, मला बोलल्या, आई, हे मनाचं दुखनं, मागं लागू नका, येल लागंल. मी मागं लागत नाय. बारकीशी भाकरी थापते, पोरी खेलात थापतात तेवढी. कदी खाते, कदी रडते, आये, घशाखाली जातच नाय गो. मी रागवत नाय, रातभर जीव मातर जलतो माजा.

काल भाऊ आलेला. तिच्या डोक्यावर हात ठेवून बोलला, बाय, खा, एकवीरा आई तुला इतकी जड करो का या मामाला उचलता नाय आली पायजे. ती हसली. न मंग बोलली, मामा, तवा कोन हसनार नाय ना?