बशीतली गाठ

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संचालक आणि पाहुणे, प्रयोगशाळेतले माझे सहकारी आणि पहिल्या रांगेत बसलेले माझे बाबा, सर्वांना नमस्कार.

आज निवृत्त होणाऱ्या बाई तुमच्या विभागप्रमुख. माझी सख्खी आत्या. शाळेआधी मला तिनेच शिकवलं, स्वयंपाकघरात ओट्यावर बसवून. "खात्री नसेल तर बोलू नकोस," हा पहिला धडा. म्हणून खात्रीचं तेवढंच बोलते.

बाईंनी उंदीरघर बंद केलं, असं आधीचे वक्ते म्हणाले. खरं आहे. कर्करोगाची औषधं आता उंदरांऐवजी रुग्णाच्याच गाठीचे तुकडे डिशमध्ये, आम्ही तिला बशी म्हणतो, वाढवून तपासतात. उंदीरघर सांभाळणारे काका तर म्हणाले, "सत्कार उंदरांनी करायला हवा होता!" हसा, मीही हसले.

पण पहिली बशी कुणाची होती? माझ्या आईची. आत्याच्या वहिनीची.

त्या बशीत एका नव्या औषधाने गाठ विरली. बाबांनी धाकट्या बहिणीपुढे हात जोडले. "अगं, ती तशीही जातेच आहे. परवानगीवर सही कर, देऊन बघू."

"दादा, बशी म्हणजे पुरावा नव्हे. उंदरांचा निकाल येऊ दे."

निकाल आला. औषधाने उंदरांची यकृतं निकामी झाली. आत्याने सही केली नाही. आईला पाण्याचा घोट उतरेना, तेव्हा औषध न घातलेल्या दुसऱ्या बशीतली तिची गाठ वेळच्या वेळी जेवत होती. शिकाऊ म्हणून तिला पोषक द्रव भरवायला मीच जायचे. आत्या दारातून विचारायची, "वहिनीला खायला घातलंस का गं?"

आई गेली. पुढे दुसरीकडे तेच औषध माणसांना दिलं. यकृतं शाबूत राहिली, गाठी विरल्या. मग आत्याने उंदीरघराला कुलूप लावलं.

आज सकाळी केस विंचरता विंचरता ती मला म्हणाली, "भाषणात एवढं सांग ना, की माझं चुकलं नव्हतं."

सांगते. नियमाने तिचं काहीच चुकलं नव्हतं. आई वाचलीच असती, असंही मी म्हणणार नाही. ते मला ठाऊक नाही. बाबा, खाली बघू नका.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण सर्वांनी मोठ्या मनाने पोटात घालावं.

आत्या, तू माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नकोस.