शून्य धरून टाक

हॅलो?… हं, मावशी, बोल… नाही, सही केलेली नाही… करणारही नाही… अगं, ओरडू नकोस, ऐकू येतंय मला!

हो, ट्रक दिसतोय खिडकीतून. राहू दे उभा… नवजात बाळांना ठेवायच्या पेट्या आहेत त्या, भाजीचे क्रेट नाहीत!

काय?… हो, हो… कॉम्प्युटरवर दहा हजार वेळा चालवून पाहिलं, पेटी एकदाही अडतीसच्या वर तापली नाही. मान्य. पण दहा हजार म्हणजे सगळ्या वेळा नव्हेत ना… अगं ऐक ना! हीटर चालू होतो, बंद होतो, मधेच नर्स दार उघडते. कधी उघडेल याचा काही नेम आहे का? म्हणून तर कॉम्प्युटरकडून आधी अंदाजे कुंपण आखून घ्यायचं, तापमान ज्याच्या बाहेर जाणारच नाही असं. मग दशांश सोडून नेमके अपूर्णांक घ्यायचे आणि ते कुंपण बीजगणितानं सिद्ध करायचं… कोणी शिकवलं म्हणजे? तूच की!

नाही झालं सिद्ध… उत्तर कुठेच उणे यायला नको होतं, एका जागी आलं. शून्याच्या किंचित खाली… हो, दशांशाच्या दहाव्या घरात… ‘शून्य धरून टाक’? वा! तुझ्या जावयानंही तेच केलं. उणे खोडलं, शून्य लिहिलं, वर ‘सिद्ध’ म्हणून शिक्का. आणि सहीला मी!… नाही गं, भावजींशी माझं काही वाकडं नाही. पण कुंपणाला भोक आहे ना!

एवढ्याशा भोकानं काय होतंय?… तेच तर शोधत बसले सकाळपासून. हीटर बंद व्हायच्या नेमक्या क्षणी दार उघडलं, की सेन्सरला गार हवा लागते. मशीनला वाटतं, बाळ गारठलं. हीटर पुन्हा पेटतो. असं लागोपाठ तीनदा झालं की…

कोण उघडतंय तीनदा?… बाळाची नळी नीट बसेना तर नर्स दहादा उघडेल!

बरं, मग कर तू सही. मालकीण आहेस. मला काढून टाक, आईला सांग, लाडावलेली भाची डोक्यावर बसली म्हणून. माझं नाव त्या कागदावर येणार नाही म्हणजे नाही.

थांब, ठेवू नकोस! तपासणीच्या खोलीतच आहे मी. रिकाम्या पेटीत साधा थर्मामीटर टांगलाय. नेम साधून तीनदा दार उघडलं, लावलं… अडतीस पूर्णांक दोन… चार… फोन पेटीला लावते, ऐक.

…

आलं काही ऐकू?… नाहीच येणार. अलार्म केव्हाच वाजायला हवा होता. पण दार उघडलं की तोही वेळ पहिल्यापासून मोजायला लागतो… अडतीस पूर्णांक नऊ, मावशी.



काय?… ट्रकमधून किती उतरवायच्या?… सगळ्या. चाळीसच्या चाळीस. ठेव फोन, मी चालले खाली.