बाण खाली होता

...नाही, मी कुठं म्हटलं मी होते? समजा म्हणतेय. समजा, एका पोरीला तिच्या आजोबांनी पैज लावली — वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरच्या नाकाखालून सोमतम आणून दाखव, नाहीतर स्वतःला बिलंदर म्हणवून घेऊ नकोस. आता असं डिवचतात का कुणाला? आणि ती बावळट हो म्हणाली. तुम्हीपण म्हणाला असता, ताई — नुसती भाताची पेज खाऊन माणूस विटलेला, आणि आम्ही इसानची माणसं, अख्ख्या थायलंडात तिखट खाणारी, सोमतमातली ती कुटलेली कच्ची पपई नाही, त्यात खारवलेला कच्चा खेकडा नाही, म्हणजे जगायचं कशावर... लिहू नका ना अजून.

मुद्दाम नाही केलं हो. रिपोर्ट बघितला ना मी — तिनं. पांढऱ्या पेशी, आणि पुढं खाली जाणारा बाण. आमच्याकडं आजीची साखर कमी आली की देवळात फुलं जातात, मामाचं कोलेस्टेरॉल उतरलं की बिअर फुटते. कमी म्हणजे चांगलंच, नाही का? मला काय माहीत, ह्या पेशी जंतूंशी भांडतात, कॅन्सरच्या औषधानं त्याच मेल्यात, आता खेकड्यातनं काही आत शिरलं तर त्याला हटकायला कोणी नाही — सकाळी डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा कळलं. आजोबांना ताप भरल्यावर.

मी म्हटलं, आजोबा, बाण खाली, पास झालात. चष्मा घरी राहिलेला त्यांचा. त्यांनी मानलं. दोन घास खाल्ले नि डोळ्यांतनं पाणी — तिखटानं, म्हणाले.

आजोबांची पेज घरून आणते ना, त्या लमाय मावशीचं काही नाही ह्यात. ती पेज उकळते, वर डबासुद्धा उकळते. मामा जिन्यात तिला काय काय बोलतोय ऐकलंत ना — तुझ्याच हातचं खाल्लं म्हणे. आणि ती नुसता डबा पुसतेय, पुसलेलाच परत पुसतेय...

काय खाल्लं ते कळलं तर औषध नेमकं देता येतं, असंच ना? मग लिहा. कच्चा खेकडा, काल दुपारी. मी आणला, दप्तरातनं. आणि दारावरची पाटी, कच्चं काही आणू नये — ती वाचली होती मी. बाण बघायच्या आधी.

झालं लिहून? मग जा ना, ताई. माझ्याकडं काय बघत बसलाय.