चटणी पडायच्या आधी

माझा मुलगा साध्या भाताशिवाय काही खाईना, म्हणून डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. शेजारच्या दोघींचं बोलणं कानावर आलं.

“दानाक्का, ओळखलं न्हाई व्हय? मी ललिता. गेल्या महिन्यात हितंच भेटलो. माझी दीक्षा नुसता मीठभात खायची.”

“व्हय की, रक्त कमी झालेली. आता कशी हाय?”

“गेल्या आठवड्यात तपासलं, रक्त वाढलंय. तुम्ही सांगितलं तसं आमटीत तिखटाची चटणी पडायच्या आधी तिची वाटी काढतो. एक दिवस हुलगं, एक दिवस शेवग्याचा पाला घातलेली डाळ. भातावर वाढली की गप खाती.”

“पोरीला तिखट सोसंना म्हणून आमटीच बंद करायची व्हय गं?”

“तुमच्या आधी कुणी सांगितलंच न्हाई, अक्का. हे घ्या, सासूबाईंनी आजऱ्याचा घनसाळ तांदूळ दिलाय. तुमचा पत्ता ठाऊक न्हाई, म्हणून चार दिवस झालं, पिशवी घिऊन हितं येऊन बसतो.”

“येडी का खुळी तू. आण हिकडं.”

मग दानाक्का माझ्याकडं वळल्या.

“आणि बाई, तुम्ही मघापासनं काय लिहून घेतासा?”

“हुलगे किती वेळ भिजवायचे?” मी विचारलं.