देशमुखांच्या वाटची शपथ

या, जवळ सरका माय-बापहो. कीर्तनाला अवकाश आहे, तोवर निजामाच्या राजवटीत अणदूरच्या मोटारथांब्यावर ऐकलेली गोष्ट सांगतो. महारुद्र नावाचा गडी इरम्मा म्हातारीला वाट विचारत होता.

“मावशी, सिंदी सोडलेल्यांची बैठक कुठं भरती?”

“खंडोबाच्या देवळात. माझं म्हातारं तिथंच सुधारलं. तुला सोडायचीय व्हय रं?”

“म्या पीतच न्हाय. आमच्या देशमुखांना सोडायचीय.”

“मग ते कुठं हायत?”

“घरी पीत बसलेत. मला म्हनले, जा, आमच्या वाटचा भंडारा उचलून शपथ घे.”

“अय्यो शिवा! अन् पाळायची कुनी?”

“म्याच. त्यांचे उपास बी म्याच धरतो. शपथ झाल्याबिगर बाईसाहेब म्हायेरातनं येत न्हायत.”

“आरं, पर तिथं आदी पिऊन काय काय केलं, ते समद्यांपुढं बोलावं लागतं.”

“समदं?”

“समदं.”

“बाईसाहेबांना मारल्यालं बी?”

“ते तर पयलं.”

“मालकाचा हुकूमच हाय म्हनल्यावर बोलावंच लागंल, मावशी. लई साचलंय.”

“चल, म्या बी येते.”

“अन् तुमची मोटार?”

“जाऊ दे तिला!”

माय-बापहो, आज नाम घ्याल तेव्हा माहेरी बसलेल्या त्या बाईसाहेबांची आठवण ठेवा.